मुख्याध्यापकाचे भुसावळ कोठे आहे?

महासंघाच्या कामानिमित्त अलीकडेच आम्हाला जयपूरला जावे लागले. मुंबईची सुपरफास्ट जयपूरच्या अलीकडे दुर्गापुरा स्टेशनला थांबते, तेथेच आम्ही उतरलो. आमचे एक जुने सहकारी त्या बाजूला राहतात. मूळचे अमळनेरचे, गँगमन म्हणून पश्चिम रेल्वेत लागले, बदलीने जयपूर विभागात गेले आणि तेथूनच निवृत्त झाले. २००२ साली उत्तर पश्चिम रेल्वे निघाली तोपर्यंत जयपूर विभाग पश्चिम रेल्वेकडे होता, हे नव्या सभासदांना कदाचित माहीत नसेल. दोन दिवस त्यांच्याच घरी मुक्काम केला. बैठकीचा वृत्तांत या अंकात अन्यत्र आहे. येथे लिहायचे आहे ते त्यांच्या मुलीबद्दल, आणि तिच्यामुळे आमच्या डोक्यात जो प्रश्न शिरला त्याबद्दल.

संध्याकाळी ती आम्हाला गोपालपुरा बायपास दाखवायला घेऊन गेली. टोंक रोडवरच्या गोपालपुरा मोडपासून गुर्जर की थडीच्या दिशेने चालत गेले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्लासच क्लास. पटवारी, पोलीस भरती, शिक्षक भरती, प्रशासकीय सेवा, अशी एकही सरकारी परीक्षा नसेल की जिचा फलक तेथे नाही. मागच्या गल्ल्यांत खोल्या, खानावळी आणि 'लायब्ररी'. लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. भाड्याने बसायची खुर्ची, एक टेबल, एक दिवा. शेखावाटीतली, मारवाडातली, डांग भागातली शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले तेथे वर्षानुवर्षे बसलेली असतात. हे दृश्य आम्हाला पुण्याच्या सदाशिव पेठेवरून ओळखीचे होते. मात्र एक गोष्ट नवीन होती. ती म्हणाली, "काका, मी येथे हेडमास्तर होण्याचा क्लास लावला होता."

हेडमास्तर होण्याचाही क्लास असतो हे आम्हाला ठाऊक नव्हते. तिने सगळे समजावून सांगितले. राजस्थानात माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांची काही पदे बढतीने आणि काही थेट लोकसेवा आयोगाच्या परीक्षेने भरत असत. २०१८ साली अशी १,२०० पदे निघाली होती. अट अशी की पदवी आणि बी.एड. पाहिजे, शिवाय पाच वर्षांचा शिकवण्याचा अनुभव पाहिजे. तिची तेव्हा तीनच वर्षे झाली होती, एका खासगी शाळेत. पुढच्या खेपेला बसू म्हणून तिने तयारी सुरू केली. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून दिले. पाच वर्षे भरली, पण पुढची खेप आलीच नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात राजस्थान सरकारने सर्व माध्यमिक शाळा उच्च माध्यमिक करण्याचे जाहीर केले. उच्च माध्यमिकला प्राचार्य असतो, मुख्याध्यापक नसतो. उपप्राचार्य हे नवे पद निघाले, पण ते आतल्यांच्या बढतीचे. बाहेरून येणाऱ्याचा दरवाजा बंद झाला. आता ती व्याख्यात्याच्या परीक्षेची तयारी करते. त्यातून लागली तर पुढे केव्हातरी उपप्राचार्य, मग प्राचार्य. तेव्हा तिचे केस पांढरे झालेले असतील.

आम्ही तिला विचारले, तुला हेडमास्तर कशासाठी व्हायचे होते? पगारासाठी म्हणाली असती तरी आम्हाला वाईट वाटले नसते. आम्ही युनियनची माणसे आहोत, पगाराची मागणी आम्हाला कधीच हलकी वाटलेली नाही. तिने सांगितले ते असे : "मी शिकवायचे त्या शाळेत मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी. मी सहा महिने सांगत होते. हेडमास्तर म्हणायचे, माझ्या हातात नाही. मग कोणाच्या हातात आहे, ते त्यांनाही माहीत नव्हते."

"आणि क्लासमध्ये कडी कशी बसवायची ते शिकवले का?" आम्ही विचारले. ती हसली. क्लासमध्ये व्यवस्थापनाच्या व्याख्या पाठ करायच्या होत्या. चार पर्याय, त्यांतला एक बरोबर. राजस्थानातले किल्ले, नद्या, चालू घडामोडी. कायदा कोणत्या साली झाला ते विचारत, त्या कायद्याने काय करायचे ते कोणी विचारत नसे.

येथे आम्हाला आमचे स्वतःचे दिवस आठवले. आम्ही मॅट्रिक. पॉइंट्समन म्हणून लागलो आणि पुढे बढतीने स्टेशन मास्तरच्या कामावर गेलो. पण बढतीची ऑर्डर हातात पडली म्हणून कोणी आम्हाला स्टेशनच्या किल्ल्या दिल्या नाहीत. आधी भुसावळच्या ट्रेनिंग स्कूलला पाठवले. पगार चालू, राहायला हॉस्टेल, ट्रेनिंगचा काळ ड्यूटीतच धरलेला. सिग्नल, ब्लॉक, अपघाताच्या वेळी कोणाला पहिला निरोप द्यायचा, सगळे घोटून घेतले. शेवटी परीक्षा. पास झाल्यावरही प्रत्यक्ष स्टेशनवर जुन्या मास्तरच्या हाताखाली काम, त्यानंतर सक्षमतेचा दाखला. एवढे होऊनही नव्या स्टेशनवर गेल्यावर तेथले वर्किंग रूल्स वाचून, समजले अशी ॲश्युरन्स रजिस्टरवर सही केल्याखेरीज चार्ज मिळत नाही. आणि काही वर्षांनी पुन्हा रिफ्रेशरला बोलावतात. त्या वेळी आम्ही या सगळ्याबद्दल कुरकुर केली होती हेही प्रामाणिकपणे सांगतो. दिवसातून चार पॅसेंजर थांबणाऱ्या स्टेशनच्या मास्तरलासुद्धा यातून सुटका नाही.

आता शाळेकडे पाहा. पाचशे, हजार लेकरे. इमारत, विजेचे फिटिंग, पिण्याच्या पाण्याची टाकी, पोषण आहाराचे धान्य आणि गॅस, वीस-पंचवीस कर्मचाऱ्यांची सेवापुस्तके, बिंदुनामावली, वेतनेतर अनुदानाचा हिशेब, यू-डायसची माहिती, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका, पालकांच्या तक्रारी. बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा २०१२ पासून आहे. त्याखाली प्रकार कळताच पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे. एवढा कारभार ज्याच्या हाती द्यायचा त्याला ३१ मे पर्यंत भूगोल शिकवायला लावायचे आणि १ जूनला कपाटाच्या किल्ल्या द्यायच्या, ही आपली पद्धत. भूगोल चांगला शिकवणे आणि शाळा चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. आम्ही गाडीला बावटा उत्तम दाखवत होतो, पण त्यावरून कोणी आम्हाला ब्लॉक इन्स्ट्रुमेंटवर बसवले नाही.

असे नाही की हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. शिक्षण खात्याच्या प्रशासकांसाठी राष्ट्रीय स्टाफ कॉलेज हवे अशी शिफारस त्या आयोगाने केली आणि १९७० साली दिल्लीत ते निघालेही. १९७९ पासून ती संस्था 'नीपा' म्हणून ओळखली जाते, आणि २००६ पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांसाठी नियोजन व प्रशासनाची पदविका तेथे चालते. महाराष्ट्रात औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, राज्याची नियोजन व प्रशासन संस्था आहे. राजस्थानातही जयपूरजवळ गोनेर येथे अशी संस्था काढली होती. कामे चांगलीच झाली असतील, आम्हाला त्यावर टीका करायची नाही.

पण रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर हे सगळे बडोदा झाले. बडोद्याला रेल्वेचे स्टाफ कॉलेज होते, तेथे साहेब लोक शिकत. रेल्वेने बडोद्याबरोबर भुसावळही काढले, उदयपूरही काढले. कारण गाडी साहेब चालवत नाही, स्टेशन मास्तर आणि ड्रायव्हर चालवतात, हे त्या खात्याला कळत होते. शिक्षण खात्याने बडोदा बांधला आणि भुसावळ बांधायचे राहून गेले. १९८६ च्या धोरणानंतर जिल्ह्या-जिल्ह्यांत 'डाएट' निघाल्या, त्यांत नियोजन व व्यवस्थापन अशी एक शाखाही कागदावर आहे. पण तेथे मुख्याध्यापक जातो तो चार्ज घेतल्यानंतर, तीन-चार दिवसांसाठी, बहुधा एखाद्या नव्या योजनेची माहिती ऐकायला. २०१२ साली 'नीपा'मध्ये शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात मुख्याध्यापकाने दर वर्षी ५० तास प्रशिक्षण घ्यावे असे म्हटले आहे. ५० तास म्हणजे आमच्या हिशेबाने आठवड्याभराच्या ड्यूटीपेक्षा जरा जास्त. आणि तेही नेमणुकीनंतर. चार्ज घेण्यापूर्वीचे काय, याचे उत्तर कोठेही नाही.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा उल्लेख मात्र करायलाच हवा. शालेय व्यवस्थापनाची पदविका त्यांनी काढली आणि नोकरी सांभाळून कितीतरी शिक्षकांनी ती केली. मे महिन्याच्या सुट्टीत, रविवारी, पदरचे पैसे भरून. हे शिक्षक कौतुकास पात्र आहेत. परंतु मुख्याध्यापक नेमताना ती पदविका पाहिलीच पाहिजे असे नियम म्हणत नाही. १९८१ ची महाराष्ट्र खासगी शाळांची नियमावली पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अनुभव मागते, आणि सेवाज्येष्ठ शिक्षकाला मुख्याध्यापक करा म्हणते. बस्स.

सेवाज्येष्ठतेचे नाव काढताच आमचे शिक्षक बांधव सावध होतील, हे आम्ही जाणून आहोत. त्यांची भीती अनाठायी नाही. १९७७ चा कायदा येण्यापूर्वी संस्थाचालक आपल्या भाच्याला, जावयाला मुख्याध्यापक करीत आणि पंचवीस वर्षे राबलेला शिक्षक त्याच्या हाताखाली राबे. सेवाज्येष्ठतेचा नियम कोणी दान दिलेला नाही, लढून मिळवलेला आहे. उद्या 'प्रशिक्षित प्रशासक' या नावाखाली बाहेरून व्यवस्थापनाची पदवी घेतलेला एखादा पोरगा कंत्राटावर आणून बसवतील आणि शिक्षकांची बढती जाईल, अशी शंका घेण्यास गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या धोरणांनी पुरेपूर जागा दिली आहे. रेल्वेत आम्ही तेच पाहिले. आधी कार्यक्षमता हा शब्द आला, पाठोपाठ ठेकेदार आला.

म्हणून गोपालपुऱ्याचा मार्गही आमचा नव्हे. ज्याला सहा महिने नोकरी सोडून खोली भाड्याने घेता येते त्याने हेडमास्तर व्हावे, ही निवड गुणवत्तेची नव्हे, खिशाची आहे. आणि त्या परीक्षांची विश्वासार्हता तरी काय राहिली? २०२१ ची शिक्षक पात्रता परीक्षा फुटली आणि त्यातला एक स्तर २०२२ मध्ये रद्द झाला. डिसेंबर २०२२ मध्ये द्वितीय श्रेणी शिक्षक भरतीचा पेपर फुटला आणि पुढच्या एप्रिलमध्ये खुद्द आयोगाच्या एका सदस्यालाच अटक झाली. लाखो मुले परीक्षेच्या आदल्या रात्री बसस्थानकांवर झोपली होती, ती तशीच घरी गेली.

तर मग सेवाज्येष्ठता राखायची आणि प्रशिक्षणही घ्यायचे, हे जमेल का? जमेल, आणि फार कठीणही नाही. अनुदानित शाळेतला मुख्याध्यापक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. त्याची जन्मतारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. त्याच्यामागे ज्येष्ठतेत कोण आहे हे शाळेतल्या शिपायालाही तोंडपाठ असते. म्हणजे कोणत्या शाळेत कोणत्या तारखेला नवा मुख्याध्यापक लागणार हे पाच वर्षे आधी सांगता येते. एवढी स्वच्छ सूचना रेल्वेतल्या जागांचीही मिळत नाही. तरी त्या माणसाला एक दिवसही तयार करायचे नाही, याला दुर्लक्ष याखेरीज दुसरा शब्द नाही.

यात आमच्या, म्हणजे कामगार संघटनांच्या, पदरात काही दोष आहे. तो झाकून ठेवणे बरे नव्हे. आम्ही वेतनश्रेणी मागितली, भत्ते मागितले, बढतीचा कोटा मागितला. ट्रेनिंग कधी मागितले नाही. ट्रेनिंग ही मालकाची गरज, आपण कशाला मागा, अशी आमची समजूत. त्याची किंमत आपल्याच माणसांनी मोजली. आमच्या नात्यातले एक गृहस्थ एका शाळेत शिपाई होते. तीस वर्षे घंटा वाजवली. निवृत्त झाले तेव्हा कळले की मधल्या सात वर्षांची सेवा पडताळणी सेवापुस्तकात नोंदलेलीच नाही. त्या सात वर्षांत तीन मुख्याध्यापक आले नि गेले. तिघेही सज्जन. एकाने गणित उत्तम शिकवले, दुसऱ्यांनी नाटके बसवली. पण वर्षाअखेर सेवापुस्तकात पडताळणीची नोंद करून सही करायची असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत त्या गृहस्थांनी बायकोचे मंगळसूत्र मोडले. वाईट मुख्याध्यापकाशी युनियन भांडू शकते. सज्जन आणि अजाण मुख्याध्यापकाशी कसे भांडायचे?

आणि हे केवळ पेन्शनपुरते असते तर एवढे लिहिलेच नसते. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावी सरकारी शाळेची इमारत मुलांच्या अंगावर कोसळली. सात लेकरे गेली. शाळेतल्या कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यात आले. त्यांचा दोष किती, वरच्यांचा किती, हे चौकशी ठरवील, येथे बसून आम्ही ठरवणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. रुळाला तडा दिसला की साधा गँगमन लाल बावटा घेऊन पुढे धावतो आणि राजधानी एक्सप्रेस थांबवतो. त्याला कोणाला विचारावे लागत नाही. तो अधिकार त्याच्या नियमपुस्तकात आहे, आणि तो कसा वापरायचा हे त्याच्या हाडीमाशी खिळवलेले आहे. भिंतीला तडा दिसला तर मुख्याध्यापकाने काय करायचे? वर्ग बंद करण्याचा अधिकार त्याला आहे का? पावसात मुलांना कोठे बसवायचे? दुरुस्तीचे पत्र ग्रामपंचायतीला, बांधकाम खात्याला की शिक्षणाधिकाऱ्याला? उत्तर आले नाही तर किती दिवसांनी, कोणाकडे? देशातल्या किती मुख्याध्यापकांना हे कोणी बसवून शिकवले आहे?

त्यातही छोट्या शाळांना मुख्याध्यापकच नसतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेचा पट १५० च्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. त्याखालच्या शाळेत दोन शिक्षकांपैकी एकावर 'प्रभारी' म्हणून सगळे येऊन पडते, तेही वर्ग सांभाळून. राजस्थानात तर २०१६ च्या सुमारास ग्रामपंचायतीतल्या मोठ्या शाळेच्या प्राचार्यालाच त्या पंचायतीतल्या सगळ्या प्राथमिक शाळांचा शिक्षणाधिकारी नेमले. एका स्टेशनच्या मास्तरला आजूबाजूच्या चार स्टेशनांचा चार्ज देण्यासारखेच हे झाले.

परदेशात काय करतात हे विचारणारे वाचक आमच्याकडे आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. सिंगापूरने १९८४ सालीच भावी मुख्याध्यापकांसाठी पूर्ण वेळेचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. २००१ पासून त्याच्या जागी सहा महिन्यांचा दुसरा आला. निवडलेल्या उपमुख्याध्यापकाला सरकार स्वखर्चाने पाठवते. इंग्लंडने १९९७ साली मुख्याध्यापकपदाची पात्रता काढली, २००९ पासून नव्याने मुख्याध्यापक होणाऱ्यांना ती सक्तीची केली आणि २०१२ मध्ये सक्ती पुन्हा काढून टाकली. अमेरिकेत बहुतेक राज्यांत शालेय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी आणि परवाना लागतो. पण तेथली गोष्ट सावधपणे घ्यावी. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजचे अध्यक्ष आर्थर लेव्हिन यांनी २००५ साली याच पदव्यांवर कडक अहवाल लिहिला. विद्यापीठांनी त्याचा धंदा केला, शिक्षक पगारवाढीसाठी पदव्या घेतात आणि शाळेला उपयोग थोडा, असा त्याचा सूर होता. पदवीचे दुकान गोपालपुऱ्यात निघाले काय आणि न्यूयॉर्कला निघाले काय, फरक इंग्रजीचा.

आमची मागणी म्हणून पदवीची नाही, भुसावळची आहे. निवृत्तीने जागा रिकामी होण्यापूर्वी एक वर्ष, ज्येष्ठतेत पहिल्या असलेल्या शिक्षकाला, आणि तो नको म्हणाला तर त्यामागच्याला, प्रशिक्षणास पाठवावे. काही महिने संस्थेत, काही महिने दुसऱ्या शाळेच्या अनुभवी मुख्याध्यापकाच्या हाताखाली. पूर्ण पगार, प्रवासभत्ता, हा काळ सेवेत धरलेला, आणि त्याच्या वर्गावर बदली शिक्षक. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, नाहीतर प्रशिक्षणाची शिक्षा मुलांना होते. स्त्री शिक्षकांसाठी निवासाची सोय जिल्ह्यातच असावी, कारण घरापासून दूर सहा महिने राहणे अनेकींना जमत नाही, आणि मग बढती नाकारली असे लिहून घेतले जाते. प्रशिक्षणात नापास झाल्यास दुसरी संधी. खासगी क्लासला किंवा खासगी विद्यापीठाला यात प्रवेश नसावा. प्रभारी मुख्याध्यापकांनाही हेच प्रशिक्षण आणि प्रभाराचा भत्ता. आणि शाळेचे वर्किंग रूल्स, होय, लेखी, त्या-त्या शाळेचे : किल्ल्या कोणाकडे, वीज कोठून बंद होते, पाऊस झाल्यावर कोणती भिंत पाहायची, आग लागली तर कोणत्या दाराने बाहेर, कोणाला पहिला फोन. चार्ज घेताना वाचून सही.

पैसा कोठून आणायचा असे विचारले जाईल. तो प्रश्न आम्ही अर्थमंत्र्यांसाठी ठेवतो. भुसावळला आम्हाला शिकवले तेव्हा रेल्वेही तोट्याचेच रडगाणे गात होती.

परतीच्या दिवशी ती मुलगी आम्हाला स्टेशनवर सोडायला आली. सकाळी सहाचा क्लास बुडवून आली होती. आम्ही तिला त्या शाळेच्या कडीचे पुढे काय झाले ते विचारले. ती म्हणाली, नोकरी सोडण्याच्या आठवड्यात तिने स्वतः बाजारातून कडी आणली, चाळीस-पन्नास रुपयांची, आणि बाबांनी रविवारी जाऊन ती ठोकून दिली. हेडमास्तरांनी आभार मानले आणि पावती मागितली. पावती कोणत्या खात्यात लावायची ते कळेना म्हणून पैसे मात्र मिळाले नाहीत.

हा विषय आम्ही महासंघाच्या येत्या कार्यकारिणीपुढे ठेवणार आहोत. शिक्षक व शिक्षकेतर संघटनांनी आपले म्हणणे त्यापूर्वी संपादकांकडे लेखी पाठवावे. सेवाज्येष्ठतेच्या मुद्द्यावर ज्यांचा आमच्याशी विरोध असेल त्यांनी तर अवश्य पाठवावे. तेही याच पानावर छापू.